दुसऱ्याच्या घरची गोळी

मी जुने ट्रॅक्टर घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. त्याआधी बैलबाजारात दलाली केली. शाळा सातवीत सुटली, बाकी सगळं बाजारात शिकलो. त्यामुळे कुठेही गेलो तरी मी आधी देवळं आणि डोंगर बघत नाही. समोरचा माणूस काय मागतो आहे आणि कुठवर खाली येईल, ते बघतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याला मी असाच गेलो होतो, एक सौदा करायला. सौदा माझ्याच मुलीशी होता.

प्राजक्ताला जन्मापासून थॅलेसेमिया आहे. तिच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी बाहेरचं चढवावं लागतं. लोकांना वाटतं, एवढंच. खरं दुखणं त्याच्या पुढे आहे. चढवलेल्या प्रत्येक पिशवीबरोबर लोह अंगात येतं, आणि ते बाहेर टाकायची वाट शरीराला ठाऊक नाही. ते साठत जातं, यकृतात, ग्रंथींत, शेवटी हृदयात. ते काढायला रोज औषध, जन्मभर. ती लहान होती तेव्हा पोटाच्या कातडीत सुई घालून रात्रभर पंप चालवावा लागे. सुईला ती फार रडायची. तिचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून मी तिला बैलबाजारातली खूण शिकवली. टॉवेलाखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे भोवतीच्या लोकांना कळत नाही. गोधडीखाली हात घालून आम्ही बापलेकींनी कितीतरी बैल घेतले आणि विकले.

पुढे पाण्यात विरघळवायच्या गोळ्या आल्या आणि पंप माळ्यावर गेला. दीड वर्षापूर्वी तिच्या हृदयाचं एमआरआय केलं. त्यात लोहाचा अंदाज देणारा एक आकडा येतो. वीसच्या वर असला तर हृदय सुखरूप, दहाच्या खाली गेला तर धोका. प्राजक्ताचा नऊ आला. डॉक्टरांनी दोन गोळ्यांची जोडी लावून दिली, एक पाण्यात विरघळवून प्यायची आणि एक तशीच गिळायची. त्याच महिन्यात पोरीनं सांगितलं की मुलचेऱ्याजवळच्या एका संस्थेच्या दवाखान्यात तिला नोकरी लागली आहे, सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना आजार समजावून सांगायची. मला हे सगळं ठरल्यावर कळलं. बॅग तिच्या आईनं भरली. ही माझी तक्रार आहे आणि ती अजून मिटलेली नाही.

आता नागपुरात तिचं दुसरं एमआरआय झालं होतं आणि रिपोर्ट चारपाच दिवसांत यायचा होता. तो येईल तेव्हा मला तिथे असायचं होतं. मी कराडची एक गुळाची ढेप पिशवीत टाकली आणि निघालो.

चंद्रपूर ते मुलचेरा

चंद्रपूरला उतरलो तर डिसेंबर असूनही दुपार तापली होती. चहाच्या टपरीवर पेला उचलला की खाली बाकावर त्याचा गोल उमटायचा, इतकी कोळशाची काजळी. जीपवाल्यानं सांगितलेल्या भाड्याच्या मी निम्मं बोललो. आमच्याकडे असं बोललं की समोरचा माणूस चिडतो, मग बसतो, मग बोलणं सुरू होतं. हा चिडला नाही.

"भाऊ, निम्म्यात जंगल लागते," तो म्हणाला. "तिथून पैदल जा लागन."

जीपमधले सगळे हसले. मी पूर्ण भाडं दिलं. असं फार वर्षांनी झालं.

बल्लारपूर मागे पडलं तसे ट्रक कमी झाले आणि सागवान सुरू झालं. गोंडपिपरीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खाचरं, त्यांना इथे बांध्या म्हणतात, आणि त्यांत उभे पुंजणे. पुंजणा म्हणजे धानाच्या पेंढ्यांची गोल रचलेली गंजी. आमच्या कडब्याच्या गंजीपेक्षा हे काम नाजूक आहे, वरून पाणी आलं तरी आत दाणा भिजत नाही. शेजारी गडचांदूरचा एक माणूस बसला होता, सिमेंटच्या कारखान्यात कामाला, सासुरवाडीला चालला होता.

"तुमी कुठचे जी?"

"कराड."

"ते कुठी आलं?"

मी साताऱ्याकडून, पुण्याकडून, सगळीकडून समजावलं. तो म्हणाला, "मंजे लय दूर राह्यता तुमी." आपण दूर आहोत हे मला पहिल्यांदाच कुणी सांगितलं. मी समजत होतो, दूर ते आहेत.

आष्टीला वैनगंगेच्या पुलावर जीप थांबवून ड्रायव्हरनं नदीला हात जोडले. कृष्णा मी रोज बघतो, पण हे पाणी वेगळंच. एवढं रुंद आणि इतकं गप्प. पलीकडे चपराळ्याचं जंगल, आणि जंगल संपता संपता केळी, पोफळी, अंगणात तुळशीचं उंच वृंदावन आणि घरासमोर छोटं तळं असलेली गावं. ही बंगाली लोकांची. पन्नाससाठ वर्षांपूर्वी निर्वासित म्हणून आलेली माणसं इथे धान पिकवतात आणि मासे पाळतात. जंगलाच्या मध्ये एकदम दुसराच मुलूख लागतो.

प्राजक्ता स्टँडवर आली होती. वाळली नव्हती. मी शोधत होतो ते मला दिसलं नाही, याचा मला थोडा रागच आला.

"आप्पा, आधी ठरवून घेऊ," ती चालता चालता म्हणाली. "रिपोर्ट वाईट आला, आकडा चढला नाही, तर मी काही न बोलता तुमच्याबरोबर येईन. चांगला आला तर तुम्ही काही न बोलता एकटे जायचं. आणि तोवर तो विषय काढायचा नाही."

माझीच पोरगी. मी म्हणालो, मंजूर.

अदलाबदल

ती राहते वनमालाबाईंच्या घरी. वनमालाबाई दवाखान्यात परिचारिका आहेत. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मुलांच्या नर्सिंगच्या पुस्तकांची चळत. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी लाखोळीच्या डाळीचं वरण, भात आणि झिंग्याची चटणी वाढली. झिंगे म्हणजे तलावातली बारीक कोळंबी. आमच्याकडे भाकरी संपल्यावर भात येतो. इथे भात संपल्यावर भात येतो. तिसऱ्यांदा नको म्हणालो तेव्हा बाई म्हणाल्या, "भाऊ, आमच्याइथी नाई म्हटलं का लाजून राह्यले असं समजते."

सकाळी उठलो तर ओट्यावर एक म्हातारी बसलेली. पांढरं लुगडं, हातात काठी. प्राजक्तानं काचेच्या पेल्यात गोळी टाकली, लाकडी काडीनं ढवळली, प्यायली. म्हातारी हलली नाही. प्राजक्तानं पेल्यात पुन्हा थोडं पाणी घातलं, तळाशी राहिलेलं विसळून तेही प्यायली आणि पेला उलटा धरला. मग दुसरी गोळी गिळली. म्हातारी उठली आणि निघून गेली. 

"ही कोण?" मी विचारलं.

"ठाकुमा. बंगालीत आजीला म्हणतात. माझी पहारेकरी."

हे मला वनमालाबाईंनी उलगडून सांगितलं. दवाखाना सुरू झाला तेव्हा गोळ्या सगळ्यांना मिळायच्या, पण तपासणीत लोह उतरायचं नाही. घरी विचारलं की आया सांगायच्या, घेतल्या. गोळीची चव खडूसारखी, पोटात कळ येते, आणि न घेतली तरी त्या दिवशी काहीच होत नाही. जे होतं ते वर्षांनी. मग कुणीतरी म्हणालं, रोवण्याला आपण काय करतो? भातरोवणीला या भागात आज माझ्या बांधीत सगळे, उद्या तुझ्या. आमच्याकडे याला सावड म्हणतात. तसंच गोळीचं केलं. आपल्या घरच्या रुग्णाकडे आपण बघायचं नाही. दुसऱ्याच्या घरच्याला उभं राहून गोळी पाजायची, आणि आपल्या माणसाला तिसरा कुणीतरी पाजेल.

"घरच्याले माणूस फसवते जी," बाई म्हणाल्या. "पन दुसऱ्याच्या घरची म्हातारी थंडीत चालत आली तं तिच्या तोंडावर नाई कसं म्हनान? लाज वाट्टे."

मी म्हणालो, आमच्या घरी हा प्रश्न नव्हता. मी स्वतः रोज समोर बसून गोळी द्यायचो.

प्राजक्ता भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "आप्पा, तुमचा फोन आला की तुम्ही गॅलरीत जायचात."

"मग?"

"खिडकीत मनी प्लँट होता."

तो मनी प्लँट मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो. छतापर्यंत गेला होता. माझ्या कानशिलात सणकन राग चढला, पण वनमालाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि अटीप्रमाणे मला बोलता येत नव्हतं. मी उठून बाहेर गेलो आणि गावाला एक फेरी मारून आलो.

ठाकुमाचं अंगण

ठाकुमाची नात रूपा, चौदा वर्षांची. तिचा आजार प्राजक्ताच्या आजाराचा चुलतभाऊ. तिला रक्त क्वचितच लागतं, पण तिचं आतडंच अन्नातून जास्तीचं लोह ओढून घेतं. तिची पहारेकरी प्राजक्ता, म्हणून संध्याकाळी मीही बरोबर गेलो. रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही, म्हणून गुळाची ढेप नेली. रूपा फिकट दिसली. मी ढेप तिच्या हातात दिली आणि म्हणालो, रोज खा, रक्त वाढेल.

ठाकुमानं ढेप तिच्या हातातून काढून घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"बाबू, तू पण?"

मग तिनं मराठी, हिंदी आणि बंगाली एकत्र करून जे सांगितलं ते मी विसरणार नाही. "पोरी पीली दिसला की सब लोक लोहा देतो. शाळेत लोहाचा गोळी. शेजारीण बीट देतो, शेवग्याचा पाला देतो. सब प्यार से देतो. चार साल मी पण दिला, लोखंडाचा कढईत भाजी केला. पोरी और पीली झाला, पोट मोठा झाला. मग इथे रक्त बघितला, तो डॉक्टर बोलला, मा, बंद कर, इसका घर लोहा से भरा है."

या जिल्ह्यात बहुतेक पोरी खरोखरच लोह कमी म्हणून फिकट असतात आणि त्यांना ती गोळी लागतेच. त्यामुळे चूक कुणाची म्हणावी? फिकट दिसली की लोह, हा हिशेब हजारांना बरोबर आणि रूपाला उलटा. दवाखान्याचे लोक आता शाळाशाळांत जाऊन अशा मुलांची आधी तपासणी करून घेतात. मला ते काम जुनी गाडी घेण्याआधी इंजिन उघडून बघण्यासारखं वाटलं. वरच्या रंगावर जायचं नाही.

जेवायला रोहू मासा आणि भात होता, मोहरीच्या तेलात. जेवतानाच रूपासमोर बिनदुधाचा काळा चहा ठेवला. आमच्याकडे जेवणाबरोबर चहा घेणाऱ्याला वेड्यात काढतील. इथे तो औषधासारखा, अन्नातलं लोह थोडं अडवतो म्हणून. ठाकुमानं मलाही विचारलं, "चा खाबे?" मी माशाबरोबर काळा चहा प्यायलो. वाईट लागत नाही, पण करणार नाही पुन्हा.

निघताना प्राजक्ता म्हणाली, "गुळाचा खडा खाल्ल्यानं तिला काही होत नाही, आप्पा. ढेप नको, एवढंच." आणि एक खडा फोडून तिनं रूपाला दिला. ठाकुमानं दुसरीकडे बघितलं.

तलावावर

देवाजी धीवर माणूस, पस्तिशीचा, तलावातले मासे धरून विकतो. सिकलसेलमुळे तरुणपणी त्याला अर्धांगाचा झटका आला होता, डावा हात अजून अडखळतो. पुन्हा झटका येऊ नये म्हणून त्याला नेमानं रक्त देतात, आणि रक्ताबरोबर लोह आलंच. त्याचा पहारेकरी परगावी लग्नाला गेला होता. प्राजक्तानं मला विचारलंच नाही, सरळ सांगितलं, "हे चार दिवस देवाजीभाऊ तुमचे."

सकाळी पेला पुढे केला तर तो म्हणाला, "नाई पेत."

"काऊन?" मी इकडचाच 'का' वापरला.

"पोटात मुरडा येते. मी डोंग्यात बसून तलावाच्या मधात. तिथून जाऊ कुठी मी? तुमी सांगा."

 असा माणूस मी ओळखतो. तो नाही म्हणत नसतो, त्याची अडचण सांगत असतो, आणि समोरचा ऐकत नाही म्हणून नाहीवर येतो. मी विचारलं, मुरडा कधी येतो, किती वेळ राहतो, संध्याकाळी कुठे असतोस. संध्याकाळी तो जाळी दुरुस्त करत घरीच असतो. प्राजक्तानं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वेळ रोज तीच ठेवा आणि पोट रिकामं असू द्या, संध्याकाळ चालेल. लघवीची आणि मूत्रपिंडाची तपासणी मात्र महिन्याला चुकवायची नाही.

आता गोळी घेतल्यावर अर्धा तास जेवायचं नाही, ही त्याची दुसरी हरकत. बायको झिंगे तळते आणि वास येतो.

"अर्धा घंटा मी काय करू, भाऊ? वास घेऊ?"

मी म्हणालो, मी गोष्ट सांगतो. आणि मी त्याला सांगोल्याच्या त्या ट्रॅक्टरची गोष्ट सांगितली ज्याच्या टाकीत साप निघाला. अर्धा तास कुठे गेला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारचेही येऊन बसले.

"भाऊ, तुमी ट्रॅक्टर इकता का नुसतं खोटं इकता?" देवाजीनं विचारलं.

"दोन्ही. खोटं फुकट देतो."

गोळी संपली की तो पेला विसळून पितो आणि उलटा करून दाखवतो. न सांगता.

बाजाराच्या दिवशी दवाखाना बघितला. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून गाड्या येतात, म्हणून रक्त देण्याचा दिवसही तोच. बर्फाच्या पेटीतून रक्त येतं, खाटांवर माणसं, आणि खाटांमध्ये वांगी, सुकी मासळी, कोंबडीची टोपली. एका टेबलावर वजन, दुसऱ्यावर रक्त आणि लघवी. वर्षातून एकदा कान आणि डोळे, कारण हीच औषधं कधी त्यांना धरतात. ताप असेल तर गिळायची गोळी त्याच क्षणी बंद आणि पांढऱ्या पेशींची मोजणी, कारण ती गोळी क्वचित त्या पेशीच घालवते. इथे ताप म्हटला की सगळे मलेरिया म्हणतात. पण पहारेकऱ्यांना शिकवलेलं आहे, दोन्ही तपासायचं. कराडला आम्हाला याच्या दुप्पट चकचकीत इमारत मिळाली, पण असं कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी हे प्राजक्तासमोर बोललो नाही. तिला मी आधीच बरंच देऊन बसलो होतो.

जीप स्टँड

निघायच्या दिवशी सकाळी तिचा फोन वाजला. ती मागच्या अंगणात जाऊन बोलली आणि चेहरा धुऊन आत आली.

"आला?" मी विचारलं.

"स्टँडवर सांगते. तुम्ही पुढे व्हा, मी येते."

मी स्टँडवर जाऊन बसलो. थोड्या वेळानं ती आली. हातात मोठी बॅग होती.

चार दिवस मी याच बॅगेसाठी तिथे थांबलो होतो. दीड वर्ष थांबलो होतो म्हणा. ती बॅग उचलून जीपमध्ये बसली असती तर मी जिंकलो असतो. पण ती रस्त्यावरून चालत येताना मला फक्त एवढंच कळलं, की बॅग भरली म्हणजे आकडा पडला.  आयुष्यात मी कुठल्याही सौद्यात समोरच्याच्या मनासारखं व्हावं असं म्हटलेलं नाही. तिथे म्हटलं.

तिनं बॅग माझ्या पायाशी ठेवली. जीप भरत आली होती, लोक आमच्याकडे बघत होते, निम्म्या लोकांना ती नावानं ओळखत होती. ती माझ्याजवळ बसली, ओढणी माझ्या हातावर टाकली आणि खालून हात धरला. इतक्या वर्षांनी.

तिनं माझी पाचही बोटं दाबली. मग पुन्हा पाचही.  मग चार.

मला खात्री करायची होती, म्हणून मीही तसंच दाबून विचारलं. पाच, पाच, चार. तिनं मान हलवली. वीस अजून दूर आहे, हे मलाही कळतं. पण नऊवरून चौदावर चढायला काय लागतं, तेही आता मला ठाऊक होतं. सवयीनं मी आणखी एक बोट मागितलं.

तिनं हात काढून घेतला. "आप्पा, हा भाव घासाघीस करून वाढत नाही."

"मग बॅगेत काय आहे?"

"ठाकुमाचे तांदूळ. देवाजीभाऊची सुकी मासळी. वनमालाबाईंची लाखोळीची डाळ. आणि तुमचा अर्धा गूळ. ठाकुमा म्हणाली, घरी नेऊन स्वतः खा."

अटीप्रमाणे मी काही न बोलता जीपमध्ये बसलो. ड्रायव्हर तोच होता. या वेळी मी भाडं विचारलं नाही.

परत आल्यावर प्राजक्ताच्या आईनं तांदूळ शिजवला. छोटा दाणा, वास फार चांगला. ती म्हणाली, बघितलंत? मी आणखी भात वाढून घेतला. मला न विचारता बॅग भरली, ते बरोबर नव्हतं, आणि मी ते शेवटपर्यंत म्हणणार आहे.

देवाजीचा जुना पहारेकरी लग्नाहून आला, पण देवाजीनं त्याला घेतलं नाही. म्हणतो, त्याच्याजवळ गोष्टी नाईत. म्हणून संध्याकाळी दुकान बंद करताना मी त्याला फोनवर व्हिडिओ कॉल लावतो. तो गोळी पितो, पेला विसळतो, उलटा करून दाखवतो, आणि मग मी ट्रॅक्टरचं सांगतो. मागे कधीकधी प्राजक्ता रूपाकडे जाताना दिसते, हात करते. तिनं सकाळची गोळी घेतली का, हे मी विचारत नाही. तो पेला ठाकुमाचा आहे.